मेबल पाणी पिणार म्हणजे पिणार

...आणि वर मलाच म्हणतात, "टेस, तू फार काळजी करतेस!" करते! करतेच मी काळजी! आता तुम्हीच सांगा, हजार पौंड वजनाची घोडी, भर जुलैचं ऊन, सकाळपासून पाण्याला तोंड लावत नाही, तर तिच्या मालकिणीनं काय करायचं? खुर्ची टाकून भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या? माझा नवरा फोडत होता. ग्रँट. टरफलं चुलीत टाकत होता आणि म्हणत होता, "तहान लागली की पिईल." अरे, तहान लागली की पिईल? ती काय माणूस आहे? तुम्हाला सांगते, घोड्याचं पोट म्हणजे एवढं मोठं कारखान्यासारखं, पण त्याला ओकता येत नाही! आत गेलं ते गेलं. वरून पाणी नाही आणि आत सुकं गवत गच्च बसलं की पोटशूळ, शूळ उठला की घोडं लोळतं, लोळलं की आतडं पिळतं, आणि आतडं पिळलं की... जाऊ दे, माझ्यानं बोलवतही नाही. आणि हा शेंगा फोडतोय!

पण मी मनाशी पक्कं केलं होतं. मेबल पाणी पिणार म्हणजे पिणार!

तर झालं काय, दर जुलैत आमचं सासरचं सगळं बिऱ्हाड घोडे घेऊन उत्तरेच्या रानात तळावर जातं. आठ दिवस. आता माझी लेक पोझी झाल्यापासून चार वर्षं मीही जाते, पण कशाला जाते? सांगते कशाला. बाकीचे सकाळी घोड्यावर टांग टाकून पाइनच्या रानात दिसेनासे होणार, आणि मी मागे बसून बीन्सच्या पातेल्यातले डास वेचणार! एका डोळ्यानं डास, एका डोळ्यानं पोझी. पोझी तळ्याकडे तर नाही गेली? पोझीच्या कानामागे गोचीड तर नाही बसली? पोझीनं तोंडात घातलं ते ब्लूबेरीच होतं ना? चार वर्षं! चार वर्षांत मी रान पाहिलं ते दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांच्या फटीतून.

यंदा म्हटलं, नाही. यंदा माझी मेबल येणार, आणि रविवारी तळ्याला वळसा घालून जी चौदा मैलांची फेरी असते ना, सगळा तळ मिळून काढतो ती, त्या फेरीत मी असणार. पोझीला तिचा बाप सांभाळेल. बापच आहे ना तो?

ग्रँट तर बोलतच नाही, त्याचं बोलणं त्याच्या आईकडे असतं. सासूबाई बोलल्या. अर्लीन. अडुसष्ट वय, चाळीस उन्हाळे रानात काढलेले, पाय फाकवून चालतात, घोडं हिसके द्यायला लागलं आणि यांनी नुसतं खाकरलं तरी ते सरळ उभं राहतं. घोडंच काय, ग्रँटही राहतो. माझ्या मेबलकडे त्यांनी पाहिलं, म्हणजे वरपासून खालपर्यंत, माझ्याकडे लग्नात पाहिलं होतं तसं, आणि म्हणाल्या, "पोरी, ही तुझी घोडी म्हणजे घरातली बाहुली. रानातलं पाणी ही पिणार नाही. दुसऱ्या दिवशी परत आणावी लागेल, आणि आणणार कोण? माझा ग्रँट. त्याची सुट्टी जाईल."

माझा ग्रँट! आणि मी काय तुमच्या ग्रँटला भाड्यानं घेतलंय? पण तोंडानं एवढंच म्हटलं, "पिईल, अर्लीन."

"नाही पिणार."

"पिणार म्हणजे पिणार!"

आता एवढं बोलून बसल्यावर माणूस तयारी करतं की नाही? केली. आमच्याकडे सगळे करतात ती युक्ती. जायच्या आधी दहा दिवस घरच्या पाण्यात सफरचंदाचा रस घालायचा, थोडा थोडा, म्हणजे घोड्याच्या डोक्यात बसतं की पाणी म्हणजे रसाचा वास. मग परक्या पाण्यातही तोच रस घातला की घोडं फसतं. दहा दिवस मी मोजून घातला. मेबल मिटक्या मारत प्यायची. पोझी म्हणायची, "मम्मी, मला?" मी म्हणायची, "तुझा नाही, मेबलचा." तर पोझी घोडीच्या बादलीपाशी गुडघ्यावर बसून तोंड लावायला निघाली, तिला उचलून आणली. शिवाय घरच्या विहिरीच्या पाण्याचं एक पिंपही मी पिकअपमध्ये चढवून ठेवलं होतं. काळजी करते म्हणतात ना मला? तर काळजी करणारं माणूस पिंप चढवतं, आणि काळजी न करणारं काय करतं? ते पिंप उतरवून त्याच्या जागी मांस भाजायची शेगडी चढवतं! तीन तासांच्या रस्त्यानंतर तळावर उतरले, ताडपत्री वर केली, बघते तर शेगडी.

"ग्रँट, पाणी कुठाय?"

"तिथे पंप आहे की."

तिथे पंप आहे की! आहे ना. हातपंप आहे. पाच-सहा वेळा दांडा मारला की खोकतो, मग पाणी येतं. थंडगार. आणि वास? गंजलेल्या खिळ्यांचा डबा उघडल्यासारखा. बादलीला दोन दिवसांत तांबडी कड धरते. माणसं त्याची कॉफी करून पितात आणि म्हणतात, रानातल्या कॉफीला कशी वेगळीच चव असते नाही? असणारच, लोखंड पिताय!

शुक्रवारी दुपारी पोचलो. आमच्या तळावर घोडं झाडाला बांधायचं नाही, साल सोलतं. दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळायचे, त्यांच्यामध्ये डोक्याच्या वर दोर ताणायचा आणि त्या दोराला घोडी लावायची. अर्लीननी दोर ताणला. त्यांनी ताणलेल्या दोरावर तंबोरा वाजवावा असा तो ताणलेला असतो. त्यांचा ब्रूनो लावला, ग्रँटचा घोडा लावला, शेवटी माझी मेबल. मग बादल्या. ब्रूनोनं एका दमात बादली रिकामी केली आणि वर तोंड करून आमच्याकडे पाहिलं, हेच आहे का आणखी आहे? ग्रँटच्या घोड्यानं संपवली. मेबलनं नाक खाली नेलं, हुंगलं... आणि तोंड फिरवलं. एखाद्या श्रीमंत घरच्या बाईला फुटक्या कपात चहा द्यावा तसं! मी म्हटलं, थांब, माझ्याकडे रस आहे. ओतला रस. पुन्हा हुंगलं. वरचा ओठ असा उलटा केला, मला सगळे दात दाखवले, आणि पुढचा उजवा पाय उचलून सरळ बादलीत ठेवला. शांतपणे. रस सांडला, पाणी सांडलं, आणि ब्रूनो मान लांब करून ओली जमीन चाटायला लागला.

अर्लीन मला बोलल्या असत्या तर परवडलं असतं! त्यांनी फक्त ग्रँटकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "डिझेल आहे ना रे गाडीत?"

मी दुसरी बादली भरायला पंपावर गेले. पिणार म्हणजे पिणार!

आता तळावरची माणसं कशी असतात तुम्हाला ठाऊक आहे. तिथे सकाळी कोणी कोणाला बरं आहे का विचारत नाही. तिथे विचारतात, "केली का?" म्हणजे घोडीनं लीद केली का. केली असेल तर किती, ओली की सुकी, गोळे सुटे की चिकटलेले. हातात कॉफीचा पेला, दुसऱ्या हातात लीद उचलायचा काटा, आणि चर्चा! मेबल पाणी पीत नाही ही बातमी संध्याकाळपर्यंत तळाच्या त्या टोकाला पोचली. आणि बातमी पोचली की सल्ले येतात. पहिला आला वेंडेल. हा तळाची राखण करतो, त्र्याहत्तर वर्षांचा, खिशात कायम सुतळी. आला, मेबलभोवती दोनदा फिरला, जसा काही विकतच घेणार आहे, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गवत भिजवून घाल. गवताबरोबर पाणी जातं पोटात."

घातलं भिजवून. तुम्हाला सांगते, त्या बयेनं एकेक पेंढी तोंडात धरून अशी झटकली, अशी झटकली, जसं काही धोब्याकडचे रुमाल! सगळं पाणी माझ्या अंगावर, आणि कोरडी काडी तिच्या पोटात.

मग शेजारच्या ट्रेलरमधली जॉर्जेट. हिच्याकडे पाच घोडे आणि प्रत्येक घोड्यावर एकेक आजार काढून झालेला. ती आली ती बोलतच आली. "अगं मीठ घाल मीठ, जिभेवर मीठ चोळ, माझ्या करड्याला चोळलं होतं, आणि बादलीचा रंग कुठलाय, निळा? निळा नको, काळी दे, आणि बादली खाली नको, वर टांग, आणि तू समोर उभी राहू नकोस, तुझ्या काळजीचा तिला वास येतो, घोड्यांना कळतं, तू हस, हस ना!" मी हसले. मीठ चोळलं, काळी बादली वर टांगली आणि झाडामागे उभी राहून हसत होते. तिथून पोझी ओरडली, "ग्रॅनी, मम्मी झाडाशी हसतेय!"

मेबलनं मीठ चाटलं. आवडलं. आणखी मागितलं. पाणी? नाव नको.

तळ्यावर नेली. म्हटलं उघडं पाणी आहे, रानातली हरणं पितात, तू काय त्यांच्याहून मोठी? काठावर गेली, मान वाकवली, आणि पाण्यात तिला तिचंच तोंड दिसलं. अशी फुरफुरली आणि अशी उलटी पळाली की दोराच्या टोकाला मी, आणि माझ्या टोकाला ब्लूबेरीची झुडपं. वीस मैलांवरच्या दुकानातून पाण्याच्या बाटल्या आणवल्या. वेंडेलनं सुतळीला बांधून आणल्या. त्यालाही प्लास्टिकचा वास.

झोप कसली येते? दर थोड्या वेळानं उठून तिच्या मानेची कातडी चिमटीत धरायची आणि सोडायची. लगेच सपाट झाली तर अंगात पाणी आहे, उभी राहिली तर नाही. हिरड्या दाबायच्या. पोटाला कान लावायचा, आत गुडगुड वाजतंय का. पोझीची चादर, मेबलचं पोट, पोझीची चादर, मेबलचं पोट. सवय अशी लागली की सकाळी मी पोझीच्या मानेला चिमटा काढला. मग ग्रँटच्या. मग अर्लीन कॉफी घेऊन आल्या, तर माझा हात आपोआप गेला, त्यांच्या दंडाची कातडी धरली आणि सोडली. ती उभीच! खाली यायचं नाव घेईना! मी घाबरून ओरडले, "अर्लीन, तुम्ही पाणी प्या आधी!"

त्यांनी दंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "टेस," म्हणाल्या, "ह्याला वय म्हणतात."

शनिवारी सकाळी मात्र मेबलचे गोळे सुकलेले निघाले. लहान, कडक, अक्रोडासारखे. सगळा तळ येऊन पाहून गेला आणि कोणी काही बोललं नाही, आणि ह्या माणसांनी लिदेवर काही न बोलणं म्हणजे तुम्हीच समजा. डॉक्टरांना फोन करायचा तर तळावर फोन लागतो कुठे? संडासाजवळच्या जेवणाच्या टेबलावर उभं राहिलं, तोंड पूर्वेला केलं आणि एक हात वर धरला तर. उभी राहिले. पुतळ्यासारखी. घोड्यांचे डॉक्टर आमचे सत्तर मैल लांब, त्यांचा आवाज नेहमी कुठल्या तरी गाईच्या आतून आल्यासारखा येतो.

"पोट वाजतंय का?"

"वाजतंय, पण कमी. काल पोटभर वाजत होतं."

"लोळते का?"

"नाही."

"बघ, आज संध्याकाळी सहापर्यंत वाट पाहा. प्यायली तर ठीक. नाही प्यायली तर गाडीत घालून सरळ माझ्याकडे आण, नाकातून नळी घालून पाणी सोडू. त्याच्या पुढे थांबू नकोस, पोरी. चांगली घोडी आहे ती."

चांगली घोडी आहे ती! असं कधी म्हणतात माणसं? मी टेबलावरून उतरले तेव्हा संडासाच्या रांगेतल्या चार जणांनी टोप्या काढलेल्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं ना सगळं!

तुम्हाला खरं सांगू? तेव्हा मला फेरीचं काही नव्हतं. चुलीत जाऊ दे फेरी. ती घोडी मला बघून कान पुढे करते हो. पोझी पोटात असताना मी तिच्या मानेवर डोकं टेकून रडले आहे, कोणालाच माहीत नाही, तिला माहीत आहे. आणि मी तिला, माझ्या हट्टापायी, तिच्या गोड विहिरीवरून उचलून ह्या गंजक्या पंपावर आणून उभी केली. अर्लीन म्हणाल्या होत्या. अर्लीन बरोबर होत्या. हे शेवटचं वाक्य मी फक्त तुम्हाला सांगतेय, ह्या भिंतीबाहेर जाऊ द्यायचं नाही.

पण रडत बसले का? नाही! सहा म्हणजे सहा. तोपर्यंत माझे दहा तास. पिणार म्हणजे पिणार!

मग मी काय नाही केलं! पाणी उन्हात ठेवून कोमट केलं. पाण्यात ओट टाकले, तर तिनं ओट तेवढे ओठांनी टिपले, पाण्याला ओठ न लावता, एखाद्या शल्यविशारदासारखे! पुदिन्याची गोळी विरघळवली. कलिंगडाचं पाणी केलं, त्यातलं कलिंगड पोझीनं आधी खाल्लं. ब्रूनोला तिच्यासमोर प्यायला लावलं, म्हटलं बघून शिकेल. ब्रूनो बिचारा दुपारपर्यंत दुसऱ्यांना शिकवून शिकवून इतका प्यायला की शेवटी तो चालला की आत डचमळ ऐकू यायची. एक वाजला, दोन वाजले. तीन वाजता ग्रँट उठला. शेंगा बाजूला ठेवल्या आणि न सांगता गाडीला घोडे न्यायचा ट्रेलर जोडायला गेला. मला त्या जोडणीचा खटका ऐकू आला.

आणि चारच्या सुमाराला अर्लीन रपेट करून परत आल्या.

आता त्यांची एक रीत आहे. रपेटीवरून आलं की बूट काढायचे, चुलीजवळच्या खुर्चीत बसायचं, पत्र्याच्या टबात सकाळपासून उन्हात ठेवलेलं पाणी असतं त्यात पाय सोडायचे आणि अर्धा तास कोणाशी बोलायचं नाही. चाळीस उन्हाळ्यांची रीत. ते पाय तुम्ही पाहिले नाहीत, मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही. तर त्या बसल्या, पाय सोडले, डोळे मिटले. मी मेबलला दोरावरून सोडली होती, गाडीत घालायच्या आधी जरा चालवावी म्हणून. डोळ्यांतून पाणी येत होतं म्हणून म्हणा, हात ढिला पडला म्हणून म्हणा, दोर सुटला. मेबल चालत चालत गेली. सरळ. चूल ओलांडून, शेंगांची पिशवी ओलांडून, अर्लीनसमोर उभी राहिली. मान खाली घातली. टब हुंगला. एक पाय हुंगला. दुसरा पाय हुंगला. आणि मग...

घट्! घट्! घट्!

तुम्हाला सांगते, त्या आवाजासारखं संगीत मी आयुष्यात ऐकलेलं नाही! गळ्यातून घोट जाताना दिसतात ना घोड्याच्या, असे लिंबाएवढे, एकामागून एक! मी तोंडावर हात धरला. ग्रँट ट्रेलरपाशी तसाच वाकलेला. जॉर्जेट पहिल्यांदाच गप्प. अर्लीननी एक डोळा उघडला, खाली पाहिलं, आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "ही काय करतेय?"

"हलू नका!" मी ओरडले. सासूला! "अर्लीन, पाय हलवायचा नाही! एक बोटसुद्धा नाही!"

टब संपला. तळाशी अर्लीनचे दोन पाय आणि मेबलची जीभ. मेबलनं वर पाहिलं, हनुवटीवरून पाणी ठिबकतंय. आणखी आहे का?

आता तुम्ही म्हणाल, ते पाणी उन्हात तापलेलं होतं, वास उडून गेला असेल. मीही तेच म्हटलं. मीही शहाणीच आहे! लगेच तोच टब, तेच पंपाचं पाणी, चुलीवर कोमट करून, पाय न घालता पुढे ठेवलं. हुंगलं. तोंड फिरवलं. बरं, म्हटलं पाय हवेत का? ग्रँटला म्हटलं, "घाल पाय."

"माझे?"

"घाल!"

त्यानं घातले. मेबलनं हुंगलं, एवढी शिंकली की त्याच्या पँटवर नकाशा उठला, आणि दोन पावलं मागे सरकली. मी घातले माझे. माझ्या घोडीनं, मी बाटलीनं औषध पाजलेल्या माझ्या घोडीनं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागली, जशी काही आमची ओळखच नाही! पोझीनं घातले, तिनं पोझीचा अंगठा चाटला, पाणी नाही. वेंडेलही मोजा काढायला लागला होता, त्याला मी हात जोडले. शेवटी अर्लीननी पुन्हा पाय सोडले.

घट्! घट्! घट्!

अर्लीन खुर्चीत अशा मागे रेलल्या, अशा रेलल्या, जसं काही त्यांना राज्याभिषेक होतोय. "घोड्याला माणसाची पारख असते," म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं सांगतेय."

संध्याकाळी सहाला मी टेबलावर चढले, पूर्वेला तोंड केलं, हात वर केला आणि डॉक्टरांना सांगितलं, "प्यायली! तीन टब!"

"शाबास! काय घातलंस पाण्यात?"

आता काय सांगू? संडासाची रांग कान लावून उभी होती. म्हटलं, "घरचंच एक... औषध."

तिथून पुढे, तुम्हाला सांगते, चक्रं उलटी फिरली. मेबलला दिवसातून चार वेळा पाणी लागतं. म्हणजे अर्लीनना दिवसातून चार वेळा बसणं आलं. पहिल्या दिवशी कौतुक होतं, लोक बघायला यायचे, लहान मुलं पुढे बसायची. रविवारी सकाळी म्हणाल्या, "टेस, माझ्या बोटांच्या मनुका झाल्यात."

"बसा."

"अगं, मला ब्रूनोला खोगीर घालायचंय."

"ग्रँट घालेल. तुम्ही बसा, अर्लीन. ती पिणार म्हणजे पिणार, आणि तुम्ही बसणार म्हणजे बसणार!"

बसल्या! माझ्या सासूबाई! मी सांगितलं आणि बसल्या! मला वाटलं पाइनची झाडं टाळ्या वाजवतील.

आणि फेरी केली. चौदा मैल. मी मेबलवर, माझ्या पुढे अर्लीन ब्रूनोवर, एकोणीस घोड्यांची रांग, आणि तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, जिथे सगळे घोडे पाण्यावर थांबतात, तिथे ग्रँट पिकअप घेऊन हजर, एका कडेवर पोझी, दुसऱ्या हातात टब. अर्लीन उतरल्या. बाकीचे सगळे स्वार बघताहेत. त्यांनी कोणाकडे न पाहता बूट काढले, मोजे काढले, मोजे व्यवस्थित बुटात खोचले आणि बसल्या. मेबल प्यायली. कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "ह्या घराण्याचं काही खरं नाही." अर्लीन मागे न बघता म्हणाल्या, "कोणाला हसू येतंय त्यानं पुढे येऊन आपले पाय दाखवावेत." एकही आला नाही.

उतरणीला रान थोडं उघडतं, तिथून खाली सगळं तळं दिसतं. मी चार वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मेबलचं पोट माझ्या पोटरीखाली गुडगुडत होतं, भरलेलं, ओलं, सुखी. मला तेवढंच ऐकू येत होतं. आणि सांगू का, तेव्हा दहा मिनिटं, मोजून दहा मिनिटं, मला कशाचीच काळजी नव्हती. मग आठवलं की पोझीला ग्रँटनं टोपी घातली नव्हती.

आता संपलं ना, म्हणाल? मलाही वाटलं संपलं. शनिवारी घरी आलो. ट्रेलरचं दार उघडलं, मेबल उतरली आणि थेट विहिरीच्या हौदावर जाऊन पोट फुटेस्तोवर प्यायली. आपली आपण! कोणाच्याही पायांशिवाय! मी देवाचे आभार मानले. आणि रविवारी सकाळी सात वाजता दारात गाडी वाजली. अर्लीन. काखेत टब.

"घोडी प्यायली का?"

"प्यायली, अर्लीन! घरी पिते ती. अगदी व्यवस्थित. खरंच सांगते."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चेहरा असा हळवा, मी असा कधी पाहिला नव्हता. "मला त्रास नको म्हणून खोटं बोलतेस ना? मला कळतं गं. तुझ्या मनाचा मोठेपणा आहे. पण मुक्या जनावराची तहान आहे, पोरी. मी आहे ना."

आणि बसल्या. आणि ती घोडी! पोट भरलेलं, पाणी नाकापर्यंत आलेलं, तरी आली, आणि त्यांचं मन राखायला दोन घोट घेऊन गेली! ग्रँटला म्हटलं, अरे सांग तुझ्या आईला. ग्रँट म्हणाला, "खूश आहे ती. असू दे ना." शेंगा फोडत!

आज तीन आठवडे झाले. रोज सकाळी सात वाजता. पाणी मी तापवते, टब मी उचलते, पाय पुसायला टॉवेल घेऊन मी उभी असते, कॉफी तर असतेच. आणि काल त्या पायांकडे बघून म्हणतात, "टेस, नखं वाढलीत गं माझी. घोडीच्या ओठाला लागतील."

बसले कापत. काय करता? मला सांभाळायला चार खूर होते, आता सहा झाले.